सिमेंटची पोती आणि मुख्यमंत्र्यांची खुर्ची: अंतुले प्रकरण नेमकं काय होतं?

अंतुले म्हटलं की सिमेंट, एवढंच बहुतेकांना माहिती असतं. घरातली मोठी माणसं बोलता बोलता म्हणतात अरे ते सिमेंटवाले मुख्यमंत्री ना, आणि विषय तिथेच संपतो. पण सिमेंटमध्ये घोटाळा होतो तरी कसा, सिमेंट तर आज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, त्यासाठी मुख्यमंत्र्याला कोण कशाला पैसे देईल? आणि पैसे जर ट्रस्टला गेले, तेही चेकने, रीतसर पावती घेऊन, तर त्याला लाच कशी म्हणायची? हे दोन प्रश्न नीट सुटले की अख्खं प्रकरण कळतं, आणि नंतरची बरीचशी प्रकरणंही कळायला लागतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी माणूस समजून घेऊ. अब्दुल रहमान अंतुले, रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे, जन्म १९२९ चा. लंडनला जाऊन बॅरिस्टर होऊन आले, म्हणून कोकणात आजही जुनी माणसं त्यांना नुसतं 'बॅरिस्टर' म्हणतात. १९६२ ला श्रीवर्धनमधून आमदार झाले, पुढे राज्यात मंत्री, मग राज्यसभा, काँग्रेसचे सरचिटणीस. खरी कलाटणी मिळाली आणीबाणीनंतर. इंदिरा गांधी हरल्या, १९७८ ला काँग्रेस फुटली, महाराष्ट्रातले भलेभले नेते दुसऱ्या बाजूला गेले, आणि अंतुले बाईंसोबत राहिले. वाईट दिवसांत सोबत राहिलेला माणूस इंदिराबाई विसरल्या नाहीत. १९८० ला त्या परत सत्तेत आल्या, शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचं सरकार बरखास्त झालं, निवडणुका झाल्या, २८८ पैकी १८६ जागा इंदिरा काँग्रेसला मिळाल्या, आणि ९ जून १९८० ला अंतुले मुख्यमंत्री. ना मराठा, ना साखर कारखानदार, ना पश्चिम महाराष्ट्रातला. महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री, आणि अजूनपर्यंत एकमेव.

राज्यात त्यांचा स्वतःचा असा गट जवळपास नव्हताच, सगळी ताकद दिल्लीच्या मर्जीवर होती, हे लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येतं.

कामाचा झपाटा जबरदस्त होता, हे त्यांचे विरोधकही मान्य करायचे. फाईल समोर आली की तिथल्या तिथे निर्णय, सचिव काय म्हणतात बघू वगैरे भानगड नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांनीच आणली, आज तहसील ऑफिसबाहेर म्हातारी माणसं ज्या पैशासाठी रांगेत उभी असतात ती योजना तेव्हाची आहे. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते त्यांच्या काळात, सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हेही तेव्हाच झाले. शिवाजी महाराजांची भवानी तलवार लंडनहून परत आणायची घोषणाही त्यांचीच. दुसरी बाजूही सांगायला हवी. १९८१ च्या जुलैमध्ये, ऐन पावसात, मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या लोकांना उचलून त्यांच्या गावी पाठवायचा हुकूमही त्यांनीच काढला होता, त्यावरून केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९८५ ला जगण्याच्या हक्कात उपजीविका येते असा मोठा निकाल लागला. एकट्याने, पटकन, कुणाला न विचारता निर्णय घ्यायची ही जी पद्धत होती तिच्यातच लोकप्रियतापण होती आणि पुढचा सगळा घातपण.

आता सिमेंट.

त्या काळात सिमेंट खुल्या बाजारात सरळ मिळायचं नाही. उत्पादन कमी, मागणी जास्त, आणि भाव आणि वाटप दोन्ही सरकारच्या हातात. केंद्र सरकार दर तीन महिन्यांनी प्रत्येक राज्याला कोटा ठरवून द्यायचं आणि राज्याने तो परमिटवर वाटायचा. घर बांधायचंय, गच्ची गळतेय, शाळेची खोली वाढवायचीय, अर्ज करा आणि थांबा. आमच्या चाळीतले एक जुने रहिवासी सांगायचे, गावच्या घरासाठी अर्ज केला तर मंजूर झाली मागितली त्याच्या निम्मी पोती, आणि ती येईपर्यंत पाऊस आला, मग भिंती तशाच अर्ध्या राहिल्या. अशा गोष्टी त्या पिढीत प्रत्येक घरात ऐकायला मिळतील. आणि दुसरीकडे मुंबईत टॉवर उभे राहत होते, नरिमन पॉइंट, कफ परेड, बांद्रा, सगळीकडे बांधकाम चालू. तिथे सिमेंट कुठून यायचं? एक तर ब्लॅकमध्ये, नाहीतर 'खास' मंजुरीने, म्हणजे वर ओळख असेल तर ठरलेल्या वाटपाच्या बाहेर काढून दिलेला माल.

हिशोब बघा, आकडे फक्त समजायला घेतलेत. समजा सरकारी भावाने पोतं ३० रुपयांना आणि ब्लॅकमध्ये ६० ला. एका बिल्डरला दहा हजार पोती सरकारी भावाने मंजूर झाली तर त्याचे सरळ तीन लाख वाचले. म्हणजे ती मंजुरीची चिठ्ठी हीच तीन लाखांची वस्तू झाली, त्यावर सही करणाऱ्याच्या हातात एक पैसा न गुंतवता तीन लाखांची वस्तू तयार होते. आता सही करणारा म्हणाला की आमच्या ट्रस्टला एक लाख देणगी द्या, तर बिल्डर हसत हसत देईल कारण त्याचे दोन लाख तरीही वाचतात. घाट्यात कोण? सरकारी तिजोरीतून एक रुपया गेलेला नाही. घाट्यात तो, ज्याची पोती कापून ही मंजुरी दिली गेली, रांगेतला माणूस. त्याला कळतसुद्धा नाही की आपलं काय गेलं. मला विचाराल तर या प्रकरणातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच आहे आणि हिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

ट्रस्टचं काय होतं? अंतुलेंनी मुख्यमंत्री झाल्यावर बरेच ट्रस्ट काढले किंवा चालवले, त्यातला सगळ्यात गाजलेला इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. उद्देश लेखक, कलावंतांना मदत करायची, साहित्य आणि कलांना उत्तेजन द्यायचं. कोकणासाठी कोकण उन्नती मित्र मंडळ होतं, बाकी आणखी होते. पैसे दोन मोठ्या वाटांनी यायचे, एक सहकारी साखर कारखाने, उसाच्या टनामागे अमुक इतके असा हिशोब लावून, आणि दुसरे मुंबईचे बिल्डर. चेक लपूनछपून नाही, उघड घेतले जायचे. आणि याच उघडपणामुळे अनेकांना तेव्हा वाटायचं, आजही वाटतं, की यात चुकीचं काय, चांगल्या कामासाठी तर घेतले.

३१ ऑगस्ट १९८१ ला इंडियन एक्स्प्रेसमध्ये अरुण शौरींनी हे सगळं बाहेर काढलं. ट्रस्ट कुठले, त्यात कोण, पैसे कुणाकडून आणि त्या बदल्यात काय मिळालं, कागदपत्रांसकट. गदारोळ थेट संसदेत झाला, कारण एका ट्रस्टला खुद्द पंतप्रधानांचं नाव होतं. दिल्लीला आता अंतुलेंपेक्षा स्वतःच्या नावाची काळजी पडली. तरी अंतुले लगेच गेले नाहीत, चार साडेचार महिने टिकले.

त्यांना घालवलं मुंबई हायकोर्टाने. आणि इथे बहुतेक जण गल्लत करतात, अगदी लिहिणारेसुद्धा, म्हणतात हायकोर्टाने त्यांना दोषी ठरवलं. तसं नाहीये. प्रा. पी. बी. सामंत, जनता पक्षाचे नेते, त्यांनी आणि इतरांनी रिट याचिका केली होती. रिटमध्ये प्रश्न असा असतो की सरकारने आपला अधिकार कायद्याने, सगळ्यांना सारखं वागवून वापरला का मनमानी केली. कुणाला तुरुंगात टाकायचं की नाही हा तिथे प्रश्नच नसतो, म्हणून तो कागदपत्रांवर आणि प्रतिज्ञापत्रांवर लवकर सुटतो. फौजदारी खटला वेगळा, तिथे आरोप ठेवायचे, साक्षीदार आणायचे, उलटतपासणी, संशयाला जागा न ठेवता सिद्ध करायचं. १२ जानेवारी १९८२ ला न्या. बख्तावर लेंटिन यांनी रिटचा निकाल दिला की बिल्डरांना दिलेलं सिमेंट आणि प्रतिष्ठानला आलेल्या देणग्या यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे दिलं म्हणून ते मिळालं. खुर्चीवर असलेल्या मुख्यमंत्र्याबद्दल त्याच्याच राज्याच्या हायकोर्टाने असं म्हणणं, यानंतर काही उरत नाही. अंतुलेंनी राजीनामा दिला. हेच लेंटिन पुढे जे.जे. हॉस्पिटलमधल्या भेसळीच्या ग्लिसरॉलने झालेल्या मृत्यूंच्या चौकशी आयोगावर होते, तिथेही त्यांनी मंत्र्याला सोडलं नाही.

तारखा जुळवून बघितल्या तर अंगावर येतं. अंतुले काळजीवाहू, नवीन मुख्यमंत्री ठरलेला नाही, दिल्लीत कुणाचं नाव पुढे करायचं यावर खल चाललेला, आणि त्याच आठवड्यात, १८ जानेवारी १९८२ ला, कामगार नेते दत्ता सामंतांनी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू केला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि मंत्रालयात निर्णय घ्यायला धड सरकार नाही. मग बाबासाहेब भोसले आले, त्यांच्याकडेही स्वतःची ताकद नव्हतीच. गिरणगावाचं जे झालं त्याची कारणं अनेक आहेत, सिमेंटवर ढकलता येणार नाही, पण पहिल्या दिवसांत बोलणी करायला खंबीर माणूस समोर नव्हता हेही खरंच.

आणि त्याच १९८२ च्या फेब्रुवारीअखेर केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अर्धंमुर्धं उठवलं, १९८९ ला पूर्ण उठवलं. माल खुला झाला तशी त्या चिठ्ठीची किंमत संपली. आज सिमेंटसाठी मंत्र्याकडे कुणी जात नाही, जातात एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येईल ते प्रमाण), जमिनीचं आरक्षण, परवानग्या यासाठी, म्हणजे जिथे जिथे टंचाई आहे आणि एकाच्या सहीवर ती सुटते तिथे.

आता तो दुसरा प्रश्न, खिशात गेले नाहीत मग लाच कशी? तेव्हा लाचेचं कलम भारतीय दंड संहितेत होतं, कलम १६१. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की लोकसेवकाने 'स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कुणासाठी' कायदेशीर पगाराव्यतिरिक्त काही घेतलं, ते सरकारी काम करण्याच्या बदल्यात, तर गुन्हा. दुसऱ्या कुणासाठी म्हणजे बायको, मुलगा, पक्ष, ट्रस्ट, देऊळ, काहीही. पैसे कुठे गेले हे कायदा दुसऱ्या नंबरला बघतो, पहिला प्रश्न असतो कशाच्या बदल्यात आले. एखाद्याने मनापासून देणगी दिली आणि त्याचं कुठलंच काम सरकारकडे अडकलेलं नसेल तर ती देणगी. पण अर्ज टेबलावर पडलाय, चेक ट्रस्टच्या नावाने आलाय आणि मग पोती सुटलीत, तर पावती असून काय उपयोग? उलट पावतीच पुरावा होते. म्हणूनच ट्रस्टचे पैसे चांगल्या कामाला गेले का वाईट, या वादात फार शिरायची गरज नाही असं माझं ठाम मत आहे. रांगेतल्या माणसाची पोती विकायचा अधिकार कुणालाच नव्हता, कवींना मदत करण्यासाठीही नाही.

फौजदारी खटल्याची गोष्ट मात्र लांबलचक आहे आणि कायद्याचे विद्यार्थी ती अजून वाचतात. भाजपचे मुंबईतले नेते रामदास नायक यांनी अंतुले खुर्चीवर असतानाच, सप्टेंबर १९८१ ला, एस्प्लनेडच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात खासगी तक्रार केली. पहिलाच अडसर मंजुरीचा. लोकसेवकावर खटला भरायला वरच्याची परवानगी लागते, म्हणजे कुणीही उठून अधिकाऱ्याला कोर्टात खेचू नये म्हणून केलेली सोय. मुख्यमंत्र्याच्या वर कोण, राज्यपाल. पण राज्यपाल तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, म्हणजे आरोपीच्याच सरकारला विचारायचं का? जुलै १९८२ ला सुप्रीम कोर्टासमोर हा मुद्दा संपला, अशा वेळी राज्यपालांनी स्वतःच्या विवेकाने ठरवायचं. मंजुरी मिळाली, ऑगस्टमध्ये विशेष न्यायाधीशांकडे, म्हणजे भ्रष्टाचाराचे खटले चालवण्यासाठी नेमलेल्या न्यायाधीशांकडे, नवी तक्रार.

मग पुढचा फाटा. अंतुलेंच्या वकिलांचं म्हणणं, ते अजून आमदार आहेत, आमदार म्हणजे लोकसेवक, त्याची वेगळी मंजुरी कुठाय? १९८३ ला विशेष न्यायाधीशांनी ते मान्य करून अंतुलेंना सोडलं. नायक सुप्रीम कोर्टात गेले आणि १६ फेब्रुवारी १९८४ ला पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने सांगितलं, दंड संहितेच्या व्याख्येत आमदार लोकसेवक बसत नाही, आणि दुसरं, ज्या पदाचा गैरवापर केला ते पद गेल्यावर मंजुरीची गरजच उरत नाही. त्याच वेळी आणखी एक गोष्ट पक्की झाली जी सामान्य माणसाच्या कामाची आहे, की भ्रष्टाचाराची तक्रार फक्त पोलिसांनीच करायची असं नाही, साधा नागरिकही विशेष न्यायाधीशांकडे थेट करू शकतो.

इथपर्यंत ठीक होतं. पण त्याच निकालात सुप्रीम कोर्टाने, कुणी मागितलेलं नसताना, खटला लवकर संपावा म्हणून तो विशेष न्यायाधीशांकडून काढून थेट मुंबई हायकोर्टाकडे दिला. हायकोर्टात ५७ साक्षीदार झाले, ४३ पैकी २१ मुद्द्यांवर आरोप ठेवले गेले, २२ वगळले, त्यावर परत सुप्रीम कोर्ट, १९८६ ला त्याने सांगितलं की वगळलेल्या मुद्द्यांवरही आरोप ठेवा. आणि मग २९ एप्रिल १९८८ ला सात न्यायाधीशांच्या खंडपीठाने, पाच विरुद्ध दोन, निकाल दिला की १९८४ ला खटला हायकोर्टाकडे देणं हीच कोर्टाची स्वतःची चूक होती. कारण कायद्यात लिहिलंय अशा केस फक्त विशेष न्यायाधीश चालवणार, तिथे हरला तर आरोपीला हायकोर्टात अपील करता येतं, खटलाच हायकोर्टात चालवला तर ती एक पायरी फक्त अंतुलेंसाठी गेली, बाकी सगळ्या आरोपींना मिळते आणि यांना नाही, हे समानतेच्या विरुद्ध. कोर्टाच्या चुकीचा फटका माणसाला बसता कामा नये. झालं, हायकोर्टातलं सगळं काम पाण्यात.

पुष्कळांना हा निकाल म्हणजे मोठा माणूस सुटला असा वाटतो, मला तसं वाटत नाही. ज्याच्याबद्दल आपल्याला राग आहे त्याच्यासाठी वेगळी, आखूड पायवाट काढली तर उद्या ती कुणासाठीही काढतील. पण लवकर व्हावं म्हणून केलेल्या त्या एका उपायाने चार वर्षं खाल्ली याचंही वाईट वाटतं. पुढे अंतुलेच परत सुप्रीम कोर्टात गेले, की इतकी वर्षं झाली, आता खटलाच रद्द करा. डिसेंबर १९९१ ला पाच न्यायाधीशांनी जलद सुनावणी हा आरोपीचा मूलभूत हक्क आहे हे मान्य केलं, उशीर कुणामुळे झाला, का झाला हे कसं तोलायचं ते सांगितलं, पण ठराविक वर्षांची मर्यादा घालायला नकार दिला आणि खटलाही रद्द केला नाही. आज अंडरट्रायल, म्हणजे निकालाआधीच तुरुंगात असलेल्या, कैद्यांच्या केसमध्ये वकील हा निकाल सारखा दाखवतात.

अंतुलेंना या प्रकरणात शेवटपर्यंत शिक्षा झाली नाही. राजकारणही संपलं नाही, १९८९ ला कुलाब्यातून लोकसभेत निवडून आले, १९९५ ला नरसिंह रावांच्या सरकारात आरोग्यमंत्री, २००६ ला मनमोहन सिंगांच्या सरकारात अल्पसंख्याक खात्याचे मंत्री. २००९ ला रायगडमधून हरले आणि २ डिसेंबर २०१४ ला मुंबईत वारले. मुख्यमंत्रिपद मात्र परत कधी मिळालं नाही. दिल्लीच्या मर्जीवर मिळालेली खुर्ची होती, मर्जी फिरली तेव्हा मागे उभे राहायला आमदार नव्हते. तक्रारदार रामदास नायक यांचा १९९४ ला बांद्र्यात अंडरवर्ल्डच्या मारेकऱ्यांनी गोळ्या घालून खून केला, त्याचा या खटल्याशी संबंध नव्हता, काही लोक उगाच जोडतात म्हणून सांगितलं.

कायदा पुढे बदलत गेला. १९८८ ला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा नव्याने आला, लाचेची कलमं दंड संहितेतून उचलून त्यात टाकली, लोकसेवकाची व्याख्या रुंद केली, आणि १९९८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या नव्या व्याख्येत खासदार बसतात. म्हणजे १९८४ ला आमदाराबाबत जे म्हटलं होतं त्याचा उपयोग आता फारसा उरला नाही. पण नायकांना त्याच निकालातून मिळालेली दुसरी गोष्ट, पद गेलं की मंजुरी लागत नाही, ती पस्तीसेक वर्षं टिकली. २०१८ ला कायद्यात दुरुस्ती झाली आणि आता निवृत्त किंवा पद सोडलेल्या लोकसेवकावर त्या पदावरच्या कामाबद्दल खटला भरायचा तरी मंजुरी लागते, इतकंच काय, त्याने अधिकारात घेतलेल्या निर्णयाबद्दल पोलिसांना चौकशी सुरू करायलाही बहुतेक वेळा आधी परवानगी घ्यावी लागते. आज कुणी नायकांसारखी तक्रार घेऊन गेलं, तर मुख्यमंत्री माजी झालाय हे सांगून त्याचं काम भागणार नाही, त्याला आधी मंजुरीचा कागद आणावा लागेल.